नटसम्राट पाहिलास का? कुठला?

आमच्या अकलूजला कुणाच्याही घरी वाटणीचा विषय निघाला की अर्ध्या तासाच्या आत 'नटसम्राट'चं नाव निघतंच. लग्नाच्या मांडवात, दहाव्याच्या जेवणात, ऊसतोडीच्या गप्पांमध्ये, कुठेही. कुणीतरी चुलता तंबाखू मळत म्हणतो, "जित्तेपणी सातबाऱ्यावरनं नाव काढू नगा. नटसम्राट बघितला न्हाय का?" बाकीचे माना डोलावतात आणि विषय संपतो.

वि. वा. शिरवाडकरांनी १९७० साली लिहिलेली शोकांतिका आमच्या उसाच्या पट्ट्यात अशी फुकटच्या वकिली सल्ल्यासारखी वापरली जाते. साहित्याचा समाजावर परिणाम होत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा अकलूजला येऊन जावं :)

पण मला नेहमी एक उपप्रश्न पडतो, आणि मी तो विचारतोही. नटसम्राट पाहिला, म्हणजे कुठला? उत्तर दहापैकी नऊ वेळा एकच असतं: "नानाचा." म्हणजे १ जानेवारी २०१६ ला आलेला महेश मांजरेकरांचा चित्रपट, नाना पाटेकरांचा गणपतराव. नाटक रंगमंचावर पाहिलेला माणूस क्वचित भेटतो. पुस्तक वाचलेला त्याहून क्वचित.

हा टोमणा नाही. पुण्याहून निघून, इंदापूरला हायवे सोडून, सराटीला नीरा ओलांडून अकलूजला पोचायला साडेतीन-चार तास लागतात. नाटकाचा ट्रक घेऊन तेवढं अंतर यायचं आणि तिकीटविक्रीतून खर्च काढायचा, हे कुठल्याही निर्मात्याला अवघडच. पिक्चर मात्र आला. माझी आई आयुष्यात शिरवाडकरांच्या पुस्तकाकडे वळली नसती, ती हा पिक्चर बघून रडली आणि चार दिवस त्यावर बोलत होती. एखाद्या कलाकृतीसाठी ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही माझं म्हणणं असं आहे की शोकांतिकेची कुठली आवृत्ती तुमच्या हाती पडते यावर तिचा अर्थ ठरतो. आणि त्या अर्थावरून लोक घरातले निर्णय घेणार असतील, तर आवृत्ती जरा विचार करून निवडायला हवी. हे पटवण्यासाठी थोडं मागे, म्हणजे चारशे वर्षं मागे जावं लागेल. फार वेळ घेत नाही.

मूळ प्रत कुठली?

'नटसम्राट' ज्याची आठवण करून देतं ते शेक्सपिअरचं 'किंग लिअर'. राज्य मुलींमध्ये वाटून मोकळा होणारा, आणि मग त्याच मुलींच्या दारातून वादळात बाहेर पडणारा म्हातारा राजा. आपल्याला वाटतं की मूळ नाटक एक आणि बाकीची रूपांतरं. पण लिअरचं मूळच एक नाही.

१६०८ साली एक छोटी प्रत छापली गेली. तिला क्वार्टो म्हणतात. मग शेक्सपिअर गेल्यावर, १६२३ मध्ये, त्याच्या नाटकांचा एकत्रित मोठा ग्रंथ निघाला. तो फोलिओ. दोन्हींत 'लिअर' आहे, पण दोन्ही लिअर सारखे नाहीत. क्वार्टोमधल्या साधारण तीनशे ओळी फोलिओत नाहीत, आणि फोलिओतल्या सुमारे शंभर ओळी क्वार्टोत नाहीत.

आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच फाइलच्या दोन ब्रँच. अठराव्या शतकापासून संपादकांनी काय केलं, तर दोन्हींतलं सगळं घेऊन एक मर्ज मारला. कुठलीही ओळ वाया जायला नको, हा हेतू चांगलाच होता. पण त्यातून तयार झालेलं नाटक शेक्सपिअरने स्वतः कधी 'रिलीज' केलं होतं याचा काहीच पुरावा नाही. दोनेकशे वर्षं जगाने हा मर्ज केलेला लिअर वाचला आणि त्यालाच मूळ समजलं. १९८० च्या दशकात काही अभ्यासकांनी ठामपणे मांडलं की ही दोन वेगळी नाटकं आहेत, आणि १९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीत दोन्ही लिअर वेगवेगळे छापले गेले.

आता तुम्ही म्हणाल, तीनशे ओळींनी काय फरक पडतो? दोन उदाहरणं देतो.

नाटकात म्हाताऱ्या ग्लॉस्टरचे डोळे काढतात. फार भयंकर प्रसंग आहे. क्वार्टोत त्यानंतर दोन नोकर थांबतात आणि त्याच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावायला काहीतरी औषध आणू या, असं आपसात बोलतात. फोलिओत हे नोकर बोलतच नाहीत. फक्त काही ओळी, पण एका प्रतीत त्या घरात माणुसकी शिल्लक आहे आणि दुसऱ्या प्रतीत नाही.

दुसरं उदाहरण शेवटचं. कॉर्डेलियाचं प्रेत मांडीवर घेऊन लिअर मरतो. क्वार्टोत तो आपलंच काळीज फुटावं असं म्हणत जातो. फोलिओत मरताना त्याला वाटतं की तिचे ओठ हलताहेत, बघा, बघा. म्हणजे एका प्रतीत बाप हताश होऊन मेला, दुसऱ्या प्रतीत भ्रमात का होईना, आशेत मेला. यातला 'खरा' लिअर कुठला? दोन्ही.

आमच्याकडच्या लोकांना हे समजावणं खरं तर सोपं आहे. अकलूजची लावणी स्पर्धा राज्यभर गाजलेली. एकच जुनी पारंपरिक लावणी दोन वेगवेगळ्या पार्ट्या सादर करतात तेव्हा समोर बसलेला शेतकरी 'मूळ' कुठली असा प्रश्न विचारत नाही. हिने कुठे थांबा घेतला, तिने कुठली ओळ दोनदा घेतली, कुणाच्या अदेत लटका राग होता आणि कुणाच्या डोळ्यांत खरं पाणी, यावर तो रात्रभर वाद घालेल. एकाच रचनेचे दोन अर्थ होऊ शकतात हे त्याला पक्कं ठाऊक असतं. फक्त नाटक-सिनेमाच्या बाबतीत आपण हे विसरतो.

गोड शेवटाची सवय

लिअरच्या आवृत्त्यांतली सगळ्यात मजेशीर आवृत्ती नेहम टेटची. १६८१ साली या गृहस्थाने लिअर पुन्हा लिहिला. त्यात विदूषक काढून टाकला, कॉर्डेलियाला जिवंत ठेवलं, एडगरशी तिचं लग्न लावून दिलं आणि लिअरला राज्य परत मिळवून दिलं. आज हसू येतं. पण इंग्लंडच्या रंगभूमीवर जवळजवळ दीडशे वर्षं हाच लिअर चालला. १८३८ मध्ये मॅक्रेडीने मूळ शेवट आणि विदूषक दोन्ही परत आणले, तेव्हा कुठे टेटची सद्दी संपली. डॉक्टर जॉन्सनसारख्या जाणकारालाही कॉर्डेलियाचा मृत्यू सहन होत नव्हता, तिथे सामान्य प्रेक्षकाचं काय.

आपल्याकडचा टेट मला २००३ च्या 'बागबान'मध्ये दिसतो. त्याचा लिअरशी थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण गोष्टीची ठेवण बघा. मुलं आईवडिलांना वाटून घेतात, हाल होतात, आणि मग? अमिताभ पुस्तक लिहितो, ते गाजतं, पैसा येतो, मानलेला मुलगा सलमान खान पायाशी बसतो आणि सख्ख्या मुलांना भर सभेत सुनावलं जातं. प्रेक्षक टाळ्या वाजवून बाहेर पडतो. बाहेर पडताना त्याला एकच गोष्ट कळलेली असते: आपण बरोबर होतो.

शोकांतिकेचं काम नेमकं उलटं असतं. तिच्यातून बाहेर पडताना 'आपण बरोबर होतो' असं कुणालाच वाटता कामा नये, बापाला नाही आणि मुलांनाही नाही. माझ्यापुरता मी हाच निकष ठरवून टाकलाय. लिअर-नटसम्राटाची कुठलीही आवृत्ती हातात आली की बघायचं, यात मुलांची बाजू ऐकून घेतली आहे का?

तीन पिक्चर, तीन बाप

या निकषावर लिअरचे तीन चित्रपट बघण्यासारखे आहेत.

पहिला पीटर ब्रूकचा, १९७१ चा, पॉल स्कोफिल्ड लिअर. कृष्णधवल, बर्फाळ, कोरडा. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. राज्य दिल्यावरही लिअर स्वतःसोबत शंभर सरदार ठेवतो आणि दर महिन्याला एकेका मुलीकडे मुक्काम करतो. पुस्तकात वाचताना आपण या शंभर सरदारांवरून सहज पुढे जातो. ब्रूक ते दाखवतो. ती माणसं खरंच घर उधळतात, टेबलं उलथवतात. त्या क्षणी थोरल्या मुलीची, गॉनेरिलची तक्रार पटते. शंभर पाहुणे आणि एक संतापी बाप दर महिनाआड घरी आला तर कुणाच्या घरात शांतता राहील?

दुसरा कोझिन्त्सेवचा, तोही १९७१ चाच, रशियन. भाषांतर पास्तरनाकचं, संगीत शोस्ताकोविचचं, आणि लिअरच्या भूमिकेत एस्टोनियाचा युरी यार्वेत. हा लिअर अंगाने किरकोळ, पांढऱ्या केसांचा. चित्रपट सुरू होतो तो राजापासून नाही, तर माळरानावरून चालत येणाऱ्या फाटक्या माणसांच्या रांगेपासून. ती रांग बघून मला दर वेळी वेगळंच काही आठवतं. तुकोबांची पालखी सराटीचा मुक्काम सोडून अकलूजला येते तेव्हाची पायी चालणारी माणसं. अर्थात तिथे नाम आहे, इथे भूक आहे. पण कोझिन्त्सेवला सांगायचंय ते हेच, की राजा बेघर झाला ही बातमी होते, आणि हजारो लोक आधीपासूनच बेघर होते याची बातमी होत नाही.

तिसरा कुरोसावाचा 'रान', १९८५ चा. इथे मुलींच्या जागी तीन मुलगे आहेत, आणि जपानी सरदार मोरी मोतोनारीची दंतकथा मिसळलेली आहे. कुरोसावाला लिअरमध्ये एक गोष्ट खटकली होती: या राजाला भूतकाळच नाही. ऐंशी वर्षांचा राजा, राज्य कसं मिळवलं, कुणाला मारलं, काहीच कळत नाही. म्हणून 'रान'मधल्या हिदेतोराचा भूतकाळ रक्ताने भरलेला आहे. त्याची एक सून, काएदे, तिचं माहेर या सासऱ्यानेच बेचिराख केलेलं. तिचा सूड बघताना आपण घाबरतो, पण ती अकारण दुष्ट आहे असं म्हणता येत नाही.

तीन डायरेक्टर, तीन वेगळे प्रश्न. ब्रूक विचारतो, बाप वागला कसा? कोझिन्त्सेव विचारतो, बाकीच्यांचं काय? आणि कुरोसावा विचारतो, बाप आधी कसा होता? 'मुलं वाईट निघाली' एवढ्यावर तिघांपैकी कुणीच थांबत नाही.

आता आपला लिअर

मराठी माणूस या बाबतीत नशीबवान आहे. आपल्याकडे एक सोडून दोन लिअर आहेत आणि दोन्ही ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकांचे. विंदा करंदीकरांचं 'राजा लिअर' (१९७४) हे भाषांतर, आणि शिरवाडकरांचं 'नटसम्राट' हे स्वतंत्र नाटक. ('नटसम्राट'ला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. एकाच वर्षात मराठीत लिअरची केवढी चंगळ!)

विंदांचं पुस्तक कवीने केलेलं भाषांतर आहे आणि ते मोठ्याने वाचावं असं आहे. पण पहिल्यांदाच शेक्सपिअर वाचणाऱ्याला ते जड जाऊ शकतं, हे सांगून ठेवतो. आगरकरांच्या 'विकारविलसित' (१८८३) पासून आपल्याकडे शेक्सपिअर मराठीत आणायची परंपरा आहे. देवलांनी 'झुंझारराव'मध्ये (१८९०) ऑथेल्लोला अस्सल मराठी कपडे घातले. शिरवाडकरांनी स्वतः मॅक्बेथवरून 'राजमुकुट' लिहिलं होतं आणि 'ऑथेल्लो'ही मराठीत आणलं होतं. 'नटसम्राट'मध्ये मात्र त्यांनी भाषांतर केलं नाही, रूपांतरही केलं नाही. त्यांनी लिअरच्या जागी लिअरचं काम करणारा नट ठेवला.

हा बदल वाटतो त्याहून फार मोठा आहे. लिअर राज्य देतो तो परीक्षा घेऊन. माझ्यावर कुणाचं किती प्रेम आहे ते सांगा, मग वाटा मिळेल. धाकटी कॉर्डेलिया गोड बोलायला नकार देते आणि तिला हाकलून दिलं जातं. आप्पा बेलवलकर परीक्षा घेत नाहीत. निवृत्त होताना ते मोकळ्या मनाने, थोड्या नाटकी थाटात, मुलगा आणि मुलगी दोघांना देऊन टाकतात. इथे कुणी कॉर्डेलिया नाही. सावध करणारी एकच, बायको कावेरी. ताट आणि पाट यांची जी म्हण आपल्या आज्या सांगतात, तीच तिच्या तोंडी आहे.

आणि इथेच आमच्या अकलूजच्या चुलत्यांचा अर्थ सुरू होतो आणि संपतो. पाट देऊ नका. बास.

पण हे सगळं पहिल्या अंकात होऊन जातं! नाटक फक्त एवढंच सांगायला लिहिलेलं असतं तर पुढच्या पानांची गरज काय होती? पुढे जे आहे ते एका माणसाचं आहे, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोलली आणि आता त्याच्याकडे भूमिकाच उरलेली नाही. तो मुलाच्या घरात हॅम्लेट होतो, ऑथेल्लो होतो, मोठ्याने बोलतो, शिव्या देतो. नाटकात जे वैभव होतं ते दिवाणखान्यात गोंगाट ठरतं. नातीवर त्या भाषेचा परिणाम होतोय ही सुनेची तक्रार आपल्याला आवडत नाही, पण ती खोटीही नाही. लिअरचे शंभर सरदार म्हणजे आप्पांचा आवाज आहे. तो त्यांना सोडवत नाही.

आप्पांनी गमावलं ते घर नंतर. आधी त्यांनी रंगमंच गमावला. म्हणूनच शेवटी ते येऊन पडतात ते थिएटरच्याच आसपास, फूटपाथवर, बूटपॉलिश करणाऱ्या राजासोबत. आणि तो परका पोरगा त्यांना समजून घेतो.

नाटकातलं जे पडद्यावर येत नाही

२३ डिसेंबर १९७० ला मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात गोवा हिंदू असोसिएशनने पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, आप्पा डॉ. श्रीराम लागू, कावेरी शांता जोग. लागू पेशाने कान-नाक-घशाचे डॉक्टर. १९६९ मध्ये प्रॅक्टिस सोडून ते पूर्णवेळ नट झाले होते. म्हणजे नटसम्राट उभा केला तो नुकताच सगळं सोडून रंगमंचावर आलेल्या माणसाने. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा तगड्या नटांनी ही भूमिका केली आणि प्रत्येकाचे आप्पा वेगळे होते असं जुने प्रेक्षक हिरिरीने सांगतात. तेही लावणी स्पर्धेसारखंच.

आता चित्रपट. चित्रपटाची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे त्यात वाढवलेला मित्र, विक्रम गोखल्यांचा रामभाऊ. नाटकात आप्पांच्या बरोबरीचं कुणी नाही. इथे दोन म्हातारे नट एकमेकांसमोर बसतात, भांडतात, पितात, आणि हॉस्पिटलमध्ये एकमेकांना नाटकातल्या भूमिकांमधून निरोप देतात. माझ्या मते तो प्रसंग पिक्चरमधला सर्वोत्तम. शिरवाडकरांनी लिहिलेला नसूनही तो 'नटसम्राट'चाच वाटतो. चांगलं रूपांतर यालाच म्हणायचं. नंतर ही गोष्ट गुजरातीत (२०१८) आणि तेलुगूत 'रंगमार्तंड' (२०२३) नावाने गेली, प्रकाश राज त्यात आप्पांच्या जागी. म्हणजे ही ब्रँच जिवंत आहे.

पण एक गोष्ट पडद्यावर येऊच शकत नाही. स्वगत. रंगमंचावर आप्पा घर मागतात ते स्वगत आठवा. तिथे ते कुणाकडे मागतात? समोर अंधारात बसलेल्या आपल्याकडे. ज्या प्रेक्षकांनी चाळीस वर्षं टाळ्या दिल्या त्यांच्याकडेच हा माणूस निवारा मागतोय, आणि आपण तिकीट काढून, पॉपकॉर्न संपवून, गप्प बसलोय. आपलं गप्प बसणं हा त्या नाटकाचा भाग आहे. पडद्यावर नाना तेच शब्द कमालीच्या ताकदीने बोलतात, पण ते मागतात फ्रेममधल्या माणसांकडे. आपण बाहेरून बघतो, डोळे पुसतो आणि सुटतो.

दुसरं, माझ्या निकषाचं. नाटकात मुलांची बाजू थोडी तरी ऐकू येते. पिक्चरमध्ये ती पार्श्वसंगीताखाली दबते. मुलगा दुबळा, सून खाष्ट, मुलगी ऐनवेळी अविश्वास दाखवणारी, आणि कॅमेरा सतत आप्पांच्या चेहऱ्यावर. आपण कुणाच्या बाजूने आहोत हे आपल्याला ठरवावं लागत नाही, ते ठरवून दिलेलं असतं. म्हणून बाहेर पडलेला माणूस 'नाव काढू नका' एवढंच घेऊन बाहेर पडतो.

आणि कुरोसावाचा प्रश्न तर दोन्हींत राहूनच जातो. चाळीस वर्षं दौऱ्यावर असलेला बाप मुलांना किती भेटला? त्यांच्या परीक्षा, आजारपणं, पहिली नोकरी, तेव्हा आप्पा कुठे होते? बहुधा कुठल्यातरी गावी ऑथेल्लो करत होते. शिरवाडकर हे विचारत नाहीत. मला वाटतं, आज कुणी नवीन नटसम्राट करणार असेल तर त्याने इथून सुरुवात करावी.

वाटणीचा मुद्दा

गेल्या दिवाळीत हा विषय आमच्याच घरी आला. अण्णांचं वय झालंय, जमीन फार नाही, पण आहे. मी पुण्यात, धाकटा भाऊ शेती बघतो, ताई बारामतीला दिलेली. चुलते नेहमीप्रमाणे नटसम्राटवर आले. त्यावर ताई शांतपणे म्हणाली, "काका, त्या नाटकात मुलीला निदान वाटा तरी मिळाला होता."

मांडवात बॉम्ब पडावा तशी शांतता.

ताईचा मुद्दा इतका सरळ होता की आजवर कुणाच्या लक्षात आला नाही याचंच नवल. १९७० च्या नाटकातला बेलवलकर मुलाला आणि मुलीला दोघांनाही देतो. लिअर तर मुलींमध्येच वाटतो. कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला २००५ साली. आणि तरी आमच्या भागात आजही काय होतं? बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात आणि त्या बदल्यात भाऊबीजेची साडी. आपल्याकडची कॉर्डेलिया काही न बोलता सही करते, आणि तिला कुणी हाकलत नाही म्हणून तिच्यावर शोकांतिका लिहिली जात नाही.

नटसम्राटवरून कायदेशीर सल्ला घ्यायचाच असेल तर तो पूर्ण तरी घ्या. शिवाय १९७० च्या आप्पांकडे जे नव्हतं ते आज आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द ठरवलं. तेव्हा देणारच असाल तर कागदात सांभाळाची अट स्पष्ट लिहून द्या. म्हणजे पाट शाबूत राहतो.

पण कायदा घर परत देईल. आवाज ऐकून घेणारं माणूस देणार नाही. आप्पांचं खरं दुखणं दुसरं होतं, आणि आपल्या पिढीला भिडतं ते तेच. आपले आईवडील आपल्या टू बीएचकेमध्ये येतात तेव्हा त्यांचा रंगमंच मागे राहिलेला असतो. अण्णा अकलूजच्या बाजारात चालत गेले की दहा माणसं रामराम करतात. हिंजवडीत लिफ्टमध्ये त्यांना कुणी ओळखत नाही. तिथे ते फोनवर मोठ्याने बोलतात आणि माझी नजर नकळत दाराकडे जाते, शेजाऱ्यांना ऐकू जात असेल का. हे सातबाऱ्यावर नाव ठेवून किंवा काढून सुटणारं नाही. नाव शेवटपर्यंत सातबाऱ्यावर ठेवलेले आणि तरी घरात एकटे पडलेले कितीतरी आप्पा आमच्या गावात आहेत.

ताईच्या वाक्यानंतर आमच्याकडे हक्कसोडपत्राचा विषय पुन्हा निघालेला नाही. वाटणी अजून व्हायची आहे. तीन वाटे होणार एवढं मात्र अण्णांनी सांगून टाकलंय. भाऊ थोडा नाराज आहे, आणि जमीन तो कसतो, म्हणून त्याच्या नाराजीतही तथ्य आहे. हे सगळं बोलून सोडवावं लागेल. पण निदान आता कुणी नटसम्राटचं नाव घेऊन विषय बंद करत नाही.

मग काय घ्यायचं?

नेहमीप्रमाणे शेवटी माझी शिफारस, क्रमाने.

सगळ्यात आधी 'नटसम्राट' पुस्तक. पॉप्युलर प्रकाशनाचं, सहज मिळतं. स्वगतं मनात वाचू नका, दार लावून मोठ्याने वाचा. कुणी ऐकलं तर ऐकू दे, आप्पांचा त्रास काय होता तेही त्यातून कळेल. मग नानांचा चित्रपट, रामभाऊसाठी. नाटकाचा प्रयोग कुठेही लागला, कुणीही करत असलं, तर तिकीट काढून जा. पुढच्या रांगेत बसा आणि ते स्वगत तुम्हाला उद्देशून आहे असं समजून ऐका.

नंतर विंदांचा 'राजा लिअर'. इंग्रजीत वाचायचा असेल तर क्वार्टोतलं काय आणि फोलिओतलं काय हे खुणा करून दाखवणारी आवृत्ती घ्या. फोक्स यांनी संपादित केलेली आर्डेन (१९९७) त्यासाठी उत्तम. खिसा हलका असेल तर फोल्जर लायब्ररीची संहिता इंटरनेटवर फुकट आहे. पिक्चरमध्ये एकच बघणार असाल तर कोझिन्त्सेव, दोन बघणार असाल तर त्यानंतर 'रान'. ब्रूकचा शेवटी. तो बघायला मन घट्ट लागतं.

आणि हो, 'नटसम्राट' वडिलांना भेट द्यायचा विचार असेल तर जरूर द्या. फक्त देण्याआधी ते एकदा मुलगा म्हणून किंवा मुलगी म्हणून स्वतः वाचा, आणि नंदा आणि नलूची वाक्यं वाचताना पान भराभर उलटू नका.